कोटाच्या खुंट्यांवरची चित्रं

मार्कर काका चित्र पाहायचे नाहीत, चित्रापुढे हात शेकायचे. कुणाचंही चित्र समोर आलं की चार पावलं मागे उभे राहायचे, उजव्या हाताचा तळवा चित्राकडे धरायचे आणि शेकोटीत जाळ उरला आहे की नाही हे चाचपून पाहावं तसे डोळे बारीक करून थांबायचे. मग निकाल. ‘गरम आहे.’ नाहीतर ‘निवलं.’ तिसरा शेरा त्यांच्याकडे नव्हता.

माझ्या चित्रापुढे पहिल्यांदा हात धरला तेव्हा चांगले मिनिटभर उभे होते. मी मनात म्हटलं, बघा, नीट बघा, पाच वर्षं शिकले आहे मी हे. त्यांनी हात खाली घेतला, शर्टाला पुसला आणि म्हणाले, “हे त निवून गेलं, मॅडम. कधीचं ठेवलं होतं?”

“परवाच पूर्ण केलंय.”

“मंग काढतानाच निवलं असंल.”

बाकीची मंडळी हसली. मीही हसले. असं हसायला मला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं, पण येतं.

ते वारले आणि आमच्या चित्रकार मंडळींनी ठरवलं की त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहावं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. ‘तुम्ही लिहा, मॅडम, आपल्यात डिग्री तुमचीच.’ डिग्री माझीच आहे हे खरं. भंडाऱ्याकडून आलेल्या आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि चित्रकलेत एम.ए. झालेली तर बहुधा शेवटचीही. तेव्हा लिहिते. पण आधीच सांगून ठेवते, यात नुसती स्तुती शोधू नका. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. ते गेल्यावर कमी होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ते मार्कर होते. स्लॅब म्हणजे पोलादाची लांबरुंद लादी. मिलमधून निघते तेव्हा लालभडक असते. यार्डात येईस्तोवर वरून काळी पडते, पण आत धग तशीच. अशा प्रत्येक लादीवर पांढऱ्या रंगानं नंबर लिहायचा, हे त्यांचं काम. जवळ जाता येत नाही, म्हणून ब्रश लांब दांडीला बांधलेला. थांबता येत नाही, म्हणून दहा मोजेपर्यंत लिहायचं आणि मागे फिरायचं. सगळी नोकरी त्यांनी हेच केलं, आणि रिटायर झाल्यावर चित्रं काढायला लागले ती पण अशीच.

रविवारी सकाळी आम्ही दहा-अकरा जण टाउनशिपच्या सेक्टर ६ मध्ये झाडांखाली जमायचो. कुणी शाळेत मास्तर, कुणी बँकेतून निवृत्त, कुणी अजून कारखान्यात. हे कुम्हारीहून बसनं यायचे. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली काळी रंगवलेली हार्डबोर्डं. बोर्ड झाडाला टेकवायचे, तीन फुटी काठीला बांधलेला ब्रश उचलायचे आणि वाटेत कुणी नसलं तरी ओरडायचे, “हटा, हटा!” मग एक, दोन, तीन करत दहापर्यंत हात चालायचा. दहा झाले की पाठ फिरवून लिंबाखाली जायचे, गळ्यातला दुपट्टा बाटलीतल्या पाण्यानं ओला करून मानेवरून फिरवायचे. जानेवारीतसुद्धा. मग परत दहा. अशा चार फेऱ्यांत चित्र संपायचं. “पाचव्यांदा गेलं त ते चित्र नाई, खाडाखोड,” असं म्हणायचे.

एकदा बँकवाल्या गृहस्थांनी प्रेमानं सांगितलं, “काका, वय झालं तुमचं, जरा बसून काढा की.”

“बसून काढलेलं बसूनच राह्यते,” हे म्हणाले.

मी तेव्हा घडीच्या स्टुलावर बसून काढत होते.

रंग तीनच. पांढरा, काळा आणि मुलाच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमधला लोखंडाला लावतात तो रेड ऑक्साइड. माझ्याकडे चोवीस ट्यूबांची पेटी होती. चित्रावर सही करायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, माल कुणाचा ते मालाले माहीत असते. पायात कायम कारखान्याचे सेफ्टी शूज. बँकवाल्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा तेच, पॉलिश करून. नवरीच्या आईनं बुटांकडे पाहिलं तर तिलाच समजावलं, “पायावर कोण काय पाडंल, सांगता येते का, वहिनी?”

आता प्रदर्शनीचं सांगते.

कारखाना उभा राहत होता तेव्हा रशियन इंजिनिअरांसाठी बांधलेलं एक जुनं हॉस्टेल आहे. उंच छत, हातभर जाडीच्या भिंती, दुहेरी दारं. बरीच वर्षं बंद पडलं होतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की टाउनशिपमध्ये ऐतिहासिक म्हणावं असं हेच काय ते आहे. डागडुजी झाली, चुना लागला, आणि पहिला कार्यक्रम म्हणून स्थानिक चित्रकारांची एकत्र प्रदर्शनी ठरली. अट एकच. भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही.

आत शिरल्याबरोबर समोर एक मोठी भिंत आहे. दार उघडलं की पहिली नजर तिथंच जाते. बाकी खोल्यांमधल्या भिंती ठीक. सगळ्यांत वाईट म्हणजे मागच्या बाजूला, जुन्या स्वयंपाकघराकडे जाणारी अरुंद गल्ली. तिथं उजेड कमी, आणि चहाचं टेबल तिथंच लागणार होतं. त्या गल्लीत भिंतीवर लाकडी पट्टी आणि पट्टीवर ओळीनं पितळी खुंट्या. ओव्हरकोट टांगायला! रशियन साहेबांनी नकाशा तिकडून आणला असेल, भिलाईचा मे महिना इथं येऊन पाहिला असेल.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष आयुष्यभर क्वार्टर-वाटपाच्या ऑफिसात क्लार्क होते. त्यांना वाटप करायची एकच रीत माहीत. त्यांनी सीनियारिटी लिस्ट काढली. मंडळात कोण कधी आलं, त्या क्रमानं भिंती. लिस्ट हॉस्टेलच्या दारावर चिकटवली, खाली लिहिलं, ‘हरकती असल्यास रविवारपर्यंत लेखी द्याव्यात.’ समोरची भिंत मार्कर काकांना. कारण झाडाखाली सगळ्यांत आधी तेच येऊन उभे राहिले होते, मंडळ म्हणून काही आहे हेसुद्धा ठरायच्या आधी. मी सगळ्यांत मागून आलेली. मला खुंट्यांची गल्ली.

मी हरकत दिली. लेखी. त्यात लिहिलं की प्रदर्शनीत दर्शनी भिंतीसाठी शिक्षणाचा विचार व्हावा.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “मैडम, क्वार्टर कभी डिग्री देखकर मिला है क्या?”

“हे क्वार्टर नाही, सर. चित्रं आहेत.”

“दीवार तो दीवार है.”

मला ती भिंत का हवी होती ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बाबा येणार होते. माझे बाबा कारखान्यात क्रेन ऑपरेटर होते, रिटायर झाल्यावर आम्ही रुआबांध्यात घर बांधलं. मला शिकवताना त्यांनी ‘चित्रकलेचं काय करणार’ असा एकही प्रश्न विचारला नाही. नातेवाइकांनी विचारला तेव्हा, ‘शिकून राहिली ना, शिकू द्या,’ एवढंच. पदवी मिळाली तेव्हा तिची फ्रेम स्वतः करून आणली. पण चित्राकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. मी मोठा कॅनव्हास घरी आणला की म्हणायचे, “हे ठेवतं कुठं?” बस. आई होती तोवर ती तरी म्हणायची, छान आहे गं. ती गेल्यावर घरात माझी चित्रं म्हणजे पलंगामागची अडगळ. मी शाळेत मुलांना चित्रकला शिकवते, लोक मला मॅडम म्हणतात, पण बाबांनी एकदा माझ्या चित्रासमोर उभं राहावं आणि काहीतरी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते चालत आत येतील, आणि समोर दुसरं काही नसेलच. म्हणून ती भिंत.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. काकांना तर नाहीच. ते दारातच बूट आपटत उभे होते. आमचं भांडण ऐकून म्हणाले, “म्युच्युअल करून टाका ना.”

टाउनशिपमध्ये म्युच्युअल म्हणजे दोघांनी आपापसांत क्वार्टर बदलून घ्यायचं. दोघांच्या सह्या लागतात. अध्यक्षांचा चेहरा उजळला, कारण यालाही नियम होता. त्यांनी लगेच कोरा कागद काढला.

“काका, पण तिथं उजेड नाही,” कुणीतरी म्हणालं.

“खुंट्या हायेत. मले काय पाह्यजे? तार बांधली का टांगलं.”

तो उपकार होता की त्यांची सोय होती, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं. उपकार असता तर मी तो लक्षात ठेवला असता, सोय असती तर विसरले असते. मी सही केली. आभार मानले नाहीत.

उद्घाटनाच्या दिवशी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. दारात चपला काढल्या. मी म्हटलं, “बाबा, इथं चपला चालतात.” तरी काढल्याच. आत आले. समोर माझा सहा फुटी कॅनव्हास, शाळेतून आणलेल्या स्टँडवर. बस्तरचे नर्तक, शिंगांचे मुकुट, ढोल, लाल-पिवळा जाळ. एम.ए.ला असताना अभ्यासदौऱ्यात चार दिवस बस्तरला गेले होते, त्यावरून केलेलं. बाबा समोर उभे राहिले.  त्यांनी चित्राकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग आणखी खाली.

“स्टँड हालून राहिला,” ते म्हणाले. “खाली कागद लाव.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी आमंत्रणपत्रिकेची घडी केली, वाकून स्टँडच्या पायाखाली सरकवली, हलवून पाहिलं. हलत नव्हतं. समाधान झालं.

“चहा कुठं आहे?”

मी बोटानं गल्ली दाखवली.

पाहुणे आले, दिवा लागला, भाषणं झाली. एका बाईंनी माझ्या चित्राबरोबर फोटो काढला, एका साहेबांनी विचारलं, हे किती दिवसांत केलं. मी उत्तरं देत होते आणि लक्ष गल्लीकडे होतं. चहाला इतका वेळ लागत नाही. अर्ध्या तासानं मी मागे गेले.

गल्लीत गर्दी होती. लोक चहाचे कप घेऊन खुंट्यांपुढं उभे. ‘अरे, ये तो अपना सायकल स्टैंड है.’ ‘हा कँटीनवाला पाहा, असाच उभा राह्यचा.’ प्रत्येक जण काहीतरी ओळखत होता. समोरच्या भिंतीपाशी लोक फोटो काढत होते, इथं बोलत होते. ते मला दिसलं, कारण मी तेच पाहायला आल्यासारखी पाहत होते.

चौथ्या खुंटीसमोर बाबा होते. बाजूला मार्कर काका. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

चौथ्या खुंटीवरचं चित्र असं होतं. काळा बोर्ड. खालून वर पाहिलेलं. मधे क्रेनचा भलामोठा हूक, चार फटकाऱ्यांत. आणि वर कोपऱ्यात, आगपेटीएवढी क्रेनची कॅबिन. तिच्या खिडकीतून एक माणूस मान पुढे काढून खाली पाहतोय. खिडकीला दुपट्टा बांधलेला. तोंड म्हणून काही नव्हतं, पांढरे दोन ठिपके, पण मान होती. बाबा कुणाकडेही पाहताना मान अशी पुढे काढतात. जेवताना, टीव्ही पाहताना, माझ्याशी बोलताना. आम्हाला वाटायचं ती त्यांची लकब. ती वरून खाली पाहण्याची होती, रोजच्या आठ तासांची. मला ते तिथं, त्या अर्धवट उजेडात कळलं.

मी पाच वर्षं पोर्ट्रेट शिकले. कॉलेजात मॉडेल मिळायचे, म्हातारे, साधू, चहावाले. बाबांचं चित्र काढावं असं मला कधी सुचलंच नव्हतं.

“हा दुपट्टा माझा आहे,” बाबा म्हणाले.

“हो ना,” काका म्हणाले. “हिरवा होता.”

“हिरवा होता!” बाबांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. लहान मुलाला हरवलेलं काहीतरी सापडावं तसा. “ओला करून बांधो मी. वर लई गरम होये.”

“मले खालून दिसे ना. दुपट्टा सुकला का तुमी हूक जरा घाईनं सोडत होते.”

बाबा हसले. मग त्यांना मी दिसले. त्यांनी मला काकांची ओळख करून दिली. मलाच, माझ्याच प्रदर्शनीत. “हे आमचे मार्कर. मी वर, हे खाली. वीसेक वर्षं. नाव माहीत नव्हतं.”

“मी ओळखते यांना,” मी म्हटलं.

“ही तुमची पोरगी होय?” काकांनी कपाळावर हात मारला. “मॅडम, सांगाचं ना आमाले! मी तुमच्या बापाले इतके वर्षं पाहून राहिलो.”

घरी जाताना बाबा माझ्या स्कूटीवर मागे बसले होते. सिग्नलला म्हणाले, “तो माणूस कामाचा आहे.”

मी विचारलं नसतं तर बरं होतं. पण मी अशी आहे, विचारते. “आणि मी?”

 सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले.

“तू त शिकलेली आहेस,” बाबा म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. त्यांना ते मोठं वाटत होतं म्हणूनच म्हणाले. मी स्कूटी पुढे काढली.

काकांची आणखी एक रीत होती. प्रदर्शनीत मांडलेलं चित्र ते घरी परत न्यायचे नाहीत. “यार्डात माल पडून राह्यला त पुढच्या शिफ्टवाला शिव्या देते.” जो माणूस चित्रापुढे सगळ्यांत जास्त वेळ उभा राहिला त्याला ते देऊन टाकायचे. तीन दिवस चहाच्या टेबलामागे उभे राहून हेच पाहत होते. सायकल स्टँड एका वॉचमनला मिळाला. कँटीनवाला बँकवाल्यांना. चौथ्या खुंटीवरचं कुणाला मिळालं ते सांगायला नको.

स्वतः घेऊन आले रुआबांध्याला, लुगड्यात गुंडाळून. आमच्या बैठकीत खिळा ठोकायला बंदी नव्हती. काकांनी खिळा ठोकला, बाबांनी स्टूल धरलं. बाबांच्या खुर्चीच्या अगदी समोर, डोळ्यांच्या रेषेत. टांगून झाल्यावर काकांनी मागे सरून तळवा धरला.

“आहे का?” बाबांनी विचारलं.

“आहे.”

बाबांनी पण हात धरून पाहिला. मला हसू आलं नाही.

त्यानंतर काका दर गुरुवारी यायला लागले. दोघं म्हातारे समोरासमोर बसायचे, चहा प्यायचे आणि बोलायचे नाहीत. तासभर. मी शाळेतून आले की बाबांशी बोलायला दहा विषय काढायचे, शाळेतली भांडणं, मुख्याध्यापिकेचा ताठा, काहीही. ते हं हं करायचे. आणि हा माणूस एक शब्द न बोलता त्यांचा तासच्या तास घेऊन जायचा.

एका दुपारी बाबा खुर्चीत झोपले होते. मी पडद्याच्या दांडीला ब्रश बांधला, काळा बोर्ड भिंतीला टेकवला, दारात उभी राहिले आणि दहापर्यंत मोजलं. हटा म्हटलं नाही, एवढी लाज होती. चार फेऱ्या केल्या. पाचवी केली. सहावी पण केली. शेवटी बोर्डावर जे उरलं ते खुर्चीत ठेवलेल्या तांदळाच्या पोत्यासारखं दिसत होतं. मी ते गच्चीवर नेऊन टाकीमागे टाकलं. पुढच्या गुरुवारी काका गच्चीवर हात धुवायला गेले आणि बोर्ड हातात घेऊनच खाली आले.

“मॅडम, हे कोणाचं?”

“शाळेतल्या मुलाचं,” मी म्हटलं.

त्यांनी तळवा धरला. खूप वेळ. मग बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला. ‘गरम आहे’ नाही, ‘निवलं’ही नाही. मला निकालसुद्धा मिळाला नाही.

माझी आत्या तुमसरला असते. बाबांहून मोठी, आणि मोठ्या आवाजाची. ती आली तो गुरुवारच होता. बाबांचा गुडघा दुखतो म्हणून भेटायला आली होती, पिशवीत घरचे पोहे आणि वड्या घेऊन. काका बशीत चहा ओतून पीत होते. आत्यानं चपला काढल्या, पदर सावरला, बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि मग तिची नजर भिंतीवर गेली.

ती चित्राजवळ गेली. मग मागे आली. मग पुन्हा जवळ.

“अगं माय,” ती म्हणाली. “हा त माझा भाऊ!”

तिनं चित्रातल्या मानेवर बोट ठेवलं.

“पाह्य ना, मान पाह्य त्याची! लहानपणी बी आंब्यावर चढून असाच पाह्ये खाली, बाबूजी आले का नाई म्हणून.” ती रडायलाच लागली. पदरानं डोळे पुसून माझ्याकडे वळली. “पोरी, तू काढलं?”

काका तिथं होते. तीन हातांवर, बशी ओठांशी धरून. बाबा तिथं होते. फार तर दोन शब्दांचं उत्तर होतं आणि ते मला येत होतं. सरळ बोलते म्हणून मी सगळ्या टाउनशिपला माहीत आहे. सीनियारिटी लिस्टवर लेखी हरकत देणारी बाई मी.

“हो,” मी म्हणाले.

आत्यानं माझं तोंड दोन्ही हातांत घेतलं. “बापाचं सोनं केलं गं पोरीनं! इतकं शिकवलं त्याचं सोनं केलं!” तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली, कडकडा.

बाबांनी तोंड उघडलं. “अगं, ते त—”

काकांनी बशी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताची मूठ मिटून वर धरली. खांद्याच्या वर, स्थिर. क्रेनवाल्याला खालून हा इशारा करतात, थांब. मला तो कुणी शिकवलेला नव्हता, पण कळला. बाबांना तर कळायचा प्रश्नच नव्हता. वीस वर्षं त्या मुठीवर त्यांनी टनावारी पोलाद हवेत थांबवलं होतं. ते शब्द तोंडात घेऊनच थांबले.

“दोन दिवस लागले तिले,” काका आत्याला म्हणाले. “मी होतो ना तिथं. लई मेहनत केली पोरीनं.”

आणि उरलेला चहा प्यायले.

आत्या बोलतच होती. तुमसरला सगळ्यांना सांगते म्हणाली, आणि सांगितलंही, तिकडे आजही हे चित्र माझंच आहे. मी मान खाली घालून ते सगळं घेतलं, एक शब्द परत केला नाही. मग मान वर केली. मला बाबांचा चेहरा पाहायचा होता. खोटं बोलल्याचा राग, लाज, काहीही चाललं असतं मला, फक्त माझ्याकडे पाहताना दिसायला हवं होतं.

बाबांनी मान पुढे काढली होती. पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते काकांकडे पाहत होते.